देवी, लस, टीका

'लस' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. चिघळलेल्या जखमेतून पाझरते ती लस आणि बाळाच्या दंडात टोचतात तीही लस. ऐकायला विचित्र वाटतं, पण या शब्दाने जुनी हकीकत जपून ठेवली आहे. लसीकरण आपल्याकडे आलं तेव्हा बाटल्या नव्हत्या, बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एकाच्या हातावर उठलेल्या फोडातला द्रव काढायचा आणि दुसऱ्याच्या हातावर ओरखडा काढून तिथे लावायचा, अशी रीत होती. गुजरातीतल्या 'रसी'चंही तेच. पू आणि लस दोन्हींना तो एकच शब्द. कन्नडमध्ये 'लसिके' म्हणतात आणि 'चुच्चुमद्दु', म्हणजे टोचायचं औषध, असंही म्हणतात. तमिळमध्ये 'तडुप्पूसी', अडवणारी सुई. हिंदी, बंगाली, ओडिया, पंजाबी, उर्दू आणि तेलुगू या भाषांत मात्र 'टीका'.

इथे मराठी माणसाची पंचाईत होते. मी मूळची परभणीची. लग्नानंतर हैदराबादला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. आमच्या भागातून आरोग्य खात्याची रिक्षा भोंगा लावून फिरते आणि मुलांना टीका द्यायला आणा, असं तेलुगूत सांगते. नांदेड-लातूरकडून बांधकामावर नव्याने आलेल्या एका गड्याने एकदा मला विचारलं होतं, "मावशी, लेकरांनी कुणावर टीका करायची म्हणतेत हे?" आम्ही दोघंही हसलो. पण त्याला खरोखरच कळलं नव्हतं, आणि त्याच्या घरात दोन मुलं होती.

मी भाषांतराची कामं करते. बँकांची पत्रकं, विम्याचे अर्ज, औषधांच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांतल्या सूचना. 2017 साली तेलंगणात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक टोचणी द्यायची होती. आमच्याजवळच्या बस्तीत मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबं राहतात. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवं होतं. कोणी तरी माझं नाव सांगितलं आणि मी त्यांच्याबरोबर पंधरा-वीस दिवस हिंडले. त्या दिवसांत जे ऐकलं त्याने भाषांतर म्हणजे काय याबद्दलची माझी समजूत पालटली. ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं.

माझ्या आजीच्या हातावर कोपराखाली रुपयाएवढे दोन वण होते. आम्ही विचारायचो, हे काय? ती म्हणायची, "देवी काढल्या तवाचं." मराठीत त्या रोगाला देवी म्हणतात आणि त्या रोगाची लस घेण्यालाही देवी काढणं म्हणतात. गावोगाव जाऊन ते काम करणारा सरकारी माणूस म्हणजे देवी डॉक्टर. लस टोचून घेताना देवीचा अधिकार नाकारायची गरज आजीला कधी वाटली नाही. देवी आल्या तरी तिच्या, काढल्या तरी तिच्याच. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आजारी माणसाशी हळू आवाजात बोलणं, हे सगळं चालू राहिलं आणि देवी डॉक्टरपुढे हातही पुढे झाला. 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही आणि 1980 साली सारं जगच देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आजीच्या बोलण्यात विज्ञान आणि देव यांचं भांडण कधी झालंच नव्हतं. भाषेने दोघांना एकाच शब्दात बसवून घेतलं होतं.

अर्थात हे सगळं इतकं गोडीगुलाबीने झालं असं मानायचं कारण नाही. हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती 14 जून 1802 रोजी, मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या हातावरच्या फोडातून पुढच्या मुलांना आणि तिथून इतर गावांना लस गेली. हातावरून हातावर जाणाऱ्या या द्रवाला विरोध झाला तो नुसत्या अज्ञानातून नाही. कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात जातं आहे, हा प्रश्न जातीच्या समाजात विचारला जाणारच होता. त्या प्रश्नामागचा भेद वाईटच होता, पण विचारणाऱ्यांना काही समजत नव्हतं असं म्हणता येत नाही. काय चाललं आहे ते त्यांना नीट दिसत होतं.

मग 1897 चा प्लेग. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान तिसरे तेव्हा विशीच्याही आतले होते. आपल्या लोकांचा धीर बांधावा म्हणून त्यांनी चारचौघांसमोर लस घेतली. त्याच वर्षी पुण्यात सरकारने दुसरी वाट धरली. गोरे सोल्जर घराघरांत शिरले, माजघरापर्यंत गेले, माणसं ओढून नेली, सामान जाळलं. 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या झडत्या लसीसाठी नव्हत्या, पण सरकार, आजार आणि आपलं घर या तिघांचं नातं लोकांच्या मनात कसं जुळतं, ते अशा दिवसांत ठरतं. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो पुसला जायला काही वर्षं गेली. एका बाटलीतल्या दोषाने किती हजार बाटल्यांवरचा विश्वास उडाला असेल, ते मोजणार कसं?

बस्तीत फिरताना हा इतिहास मी कोणाला सांगितला नाही. पण तो तिथे होता. पहिल्याच दिवशी एका आजीने विचारलं, "ही सुई पोरींना कशापायी? पुढं मूल होऊ नाही म्हणून तर नाही ना?" अशी शंका आली की शिकलेली माणसं कपाळाला हात लावतात. मला मात्र 1975 ते 77 ची नसबंदी आठवली. सरकारी गाडी आली की माणसं शेतात लपायची, हे त्या आजीने ऐकलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं. सरकारने एकदा सुईच्या नावाखाली काय काय केलं, ते तिच्या वयाच्या माणसाला विसरा म्हणणं सोपं नाही.

नर्सबाई तेलुगू बोलणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या. बस्तीतल्या बायका त्यांना अक्का म्हणायच्या; हा शब्द तेलुगूतही आहे आणि आमच्या मराठवाड्यातही, त्यामुळे तेवढ्यापुरती भाषांतराची गरज नव्हती. त्यांनी आजींची शंका उडवून लावली नाही. गोवर सगळ्यांना माहीत आहे, रुबेला कोणाला माहीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मराठीत रुबेलाला घरगुती नावच नाही. बारीक पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं, कोणी नाव ठेवावं इतकं महत्त्व त्याला मिळालं नाही. पण पोटुशी बाईला पहिल्या महिन्यांत तो झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना कायमची इजा होऊ शकते. अक्का म्हणाल्या आणि मी मराठीत सांगितलं, "आजी, ही सुई मूल होऊ नये म्हणून नाही. हिला पुढं मूल होईल ते धडधाकट व्हावं म्हणून आहे." आजी बराच वेळ नातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं सांगा की मग आधी."

दुसरी अडचण कुठल्याच पत्रकात नव्हती. एका जोडप्याची तीन मुलं होती आणि नवरा नको म्हणत होता. आधी वाटलं, अफवा ऐकली असेल. खोदून विचारल्यावर म्हणाला, "सुई दिली की ताप येतो. ताप आला की ही घरी राहणार. हिचा खाडा झाला की मुकादम दोघांचाही हिशेब बिघडवतो." टोचणीनंतर एखाद-दोन दिवस अंग गरम होऊ शकतं, हे खरंच आहे. त्याने लसीला विरोध केला नव्हता, त्याने हिशेब मांडला होता. त्याला गोवराचे धोके सांगून काय उपयोग? अक्कांनी विचारलं, सुट्टी कधी असते? तो म्हणाला, रविवारी. मग शनिवारी संध्याकाळी, कामावरून सगळे परतल्यावर, त्या पुन्हा आल्या. तीनही मुलांना टोचलं. ताप आलाच तर तो रविवारच्या अंगावर जावा, एवढीच ती युक्ती. बस्तीत अशी आणखी चार-पाच घरं निघाली.

सगळ्यांत अवघड घर गल्लीच्या टोकाला होतं. माणसं नांदेड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. नोंदवहीत त्यांच्यापुढे 'भाषा: मराठी' असं लिहिलेलं होतं. ती बाई माझ्याशी मराठीत बोलायची, पण सासूशी आणि मुलांशी गोरबोलीत. म्हणजे माझी मराठीही त्यांच्या उंबऱ्यापर्यंतच जात होती. आत काय ठरतं ते मला कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, सासूबाईंना तूच सांग, तुझ्या बोलीत, मी मध्ये नको. तिने सांगितलं. सासू काही बोलली नाही.

मोहिमेचं एक मराठी पत्रक होतं. कुठल्याशा कार्यालयातून तयार होऊन आलेलं, गुळगुळीत कागदाचं, हसऱ्या बाळाच्या चित्राचं. तिची मोठी मुलगी शाळेत जाणारी. आईला वाचून दाखवावं म्हणून तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं. त्यात एक वाक्य होतं: पालकांच्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे आजही बालके गोवराने दगावतात. मुलगी ठसक्यात वाचत गेली. बाईचा चेहरा एकदम उतरला. तिने मुलीच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि चुलीमागे ठेवून दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं पहिलं लेकरू गोवरानं गेलं. म्हंजे मीच मारलं का बाई?"

मला काही बोलता आलं नाही. सासू आता बोलायला लागली. सीतळा याडीचं नाव तेवढं मला कळलं, बाकीचं सूनबाईने सांगितलं. तांड्यावर गोवर आला होता. त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं होतं, लिंब बांधला, पथ्य पाळलं, बोकडाचा नवस बोलला. पुरळ गेलं आणि मग छाती भरली. चार दिवसांत लेकरू गेलं. देवीने नेलं, असं घरात ठरलं आणि त्या ठरण्यावर ती बाई इतकी वर्षं जगत होती. पत्रकातल्या एका ओळीने तो आधार काढून घेतला आणि त्याच्या जागी तिलाच उभं केलं.

अक्कांना मी तेलुगूत सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या. लस घ्या असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तेव्हा तांड्यावर नर्सबाई येत होती का? बाई म्हणाली, नाही, पावसाळ्यात तर वाटच नव्हती. अक्का म्हणाल्या आणि मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं: "गोवराची लस सरकारकडं तेव्हा होती. तुमच्यापर्यंत ती आणायचं काम आमचं होतं. आम्ही आलो नाही. तुम्ही काही चुकला नाहीत."

हे खरंच होतं. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस 1985 पासून आहे. तिचं मूल गेलं ते त्याच्या पुष्कळ नंतर. बाटल्या होत्या, शीतपेट्या होत्या, वेळापत्रक होतं, आणि तांडा त्यात नव्हता. पत्रक लिहिणाऱ्याने हेच सत्य उलटं करून तिच्या अंगावर टाकलं होतं. त्याला तिचं दुःख माहीत असायचं कारण नव्हतं, पण गोवराच्या पत्रकाच्या वाचकांत गोवराने मूल गेलेली आई असणारच, हे त्याला सुचायला हवं होतं.

सासूने त्या दिवशी होकार दिला नाही. तिचा प्रश्न लसीचा नव्हता. देवीने नेलं असं आपण म्हणत आलो, आता सुई घेतली तर देवीला खोटं पाडल्यासारखं होईल का, असा तो होता. याचं उत्तर अक्कांनाही देता येत नव्हतं आणि मलाही. मी तिला माझ्या आजीचं सांगितलं: देवी येतात तशा देवी काढतातही, आमच्याकडे असंच म्हणत. सुनेने ते तिच्या बोलीत सांगितलं. आषाढ नुकताच सरला होता. शहरभर बोनालू होऊन गेलं होतं. डोक्यावर भाताची मडकी आणि त्यांना बांधलेला कडुलिंब घेऊन बायका देवीला गेल्या होत्या. त्याच बायका दुसऱ्या आठवड्यात मुलांना घेऊन केंद्रावर येत होत्या. म्हातारीने हे पाहिलेलं होतं. तीन दिवसांनी सून धाकट्या दोघांना घेऊन आली. आधी देवीला नारळ फोडला होता. खोबऱ्याचा तुकडा तिने अक्कांनाही दिला. अक्कांनी तो खाल्ला, मग हात धुतले आणि सुई काढली.

मी हे सांगते तेव्हा काही मित्र म्हणतात, यात अंधश्रद्धेला खतपाणी नाही का? मला तसं वाटत नाही. देवी आजार बरा करते असं अक्का म्हणाल्या नाहीत. लसीने ताप येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. जे खरं तेच सांगितलं. फक्त ऐकणाऱ्याला आधी कमी लेखलं नाही. आपल्या देशाने पोलिओच्या वेळी हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. पश्चिम उत्तर प्रदेशात मुसलमान वस्त्यांतून नकार येऊ लागला तेव्हा तोही आधी धर्मवेड म्हणून मोडीत काढला गेला. लोक विचारत होते ते वेगळंच: गटार नाही, प्यायला पाणी नाही, ताप आला तर डॉक्टर नाही, मग हे दोन थेंबच पुन्हा पुन्हा दारात कसे येतात? प्रश्न रास्त होता. पुढे मशिदींतून आवाहनं झाली, अलीगढ आणि जामियातली माणसं पुढे आली, त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघरी जाऊ लागल्या आणि थेंबांबरोबर हात धुणं, जुलाबावरचं मीठ-साखरपाणी, बाळाचं अंगावरचं दूध यांबद्दलही बोलू लागल्या. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडलेला रोगी देशातला शेवटचा ठरला. 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

तरी करोनात आपण पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलो. नोंदणीचं पोर्टल सुरुवातीला फक्त इंग्रजीत होतं. माझ्या बस्तीतल्या निम्म्या लोकांकडे साधे फोन. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी मास्कआडून बोलायचं कसं, याचा विचार कोणी केला नव्हता. ओठ वाचून समजणाऱ्या एका शिंप्याला रांगेत तीन वेळा परत पाठवलं गेलं. शेवटी त्याच्या बायकोने पाटीवर खडूने लिहून काम भागवलं.

लस देणाऱ्या प्रत्येक नर्सबाईने चार गोष्टी सांगायच्या असतात, असं आपल्या प्रशिक्षणातच आहे. कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते. काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुन्हा कधी यायचं. आणि कार्ड जपून ठेवा, येताना आणा. चारही वाक्यं साधी आहेत. गर्दीत बहुधा दुसरं वाक्य गळतं. नेमकं तेच ज्याचा खाडा होणार आहे त्याला हवं असतं. आणि चौथं वाक्य फिरत्या माणसाला अर्धवट पडतं, कारण हैदराबादेत मिळालेलं कार्ड तेलुगूत आणि नांदेडची नर्सबाई मराठी. नशिबाने तारखांचे आकडे दोन्हीकडे सारखेच लिहितात.

आता आरोग्याचं पत्रक भाषांतराला आलं की मी कार्यालयाला आधी एक यादी पाठवते. ज्याचं मूल या आजाराने गेलं आहे तो हे वाचेल तेव्हा त्याला काय वाटेल? ज्याची रोजी बुडणार आहे त्याच्यासाठी यात कुठली ओळ आहे? ताप येऊ शकतो हे लिहिलं आहे का, की पत्रक चांगलं दिसावं म्हणून गाळलं आहे? 'अज्ञान' आणि 'निष्काळजीपणा' हे शब्द काढता येतील का? बहुतेक वेळा ते काढले जातात. कधी उत्तर येतं की मसुदा वरून मंजूर झाला आहे, बदल नको. मग मी काम परत करते.

अक्का दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी वरंगळकडची आहे, तरतरीत आहे, मराठी तिला येत नाही. परवा तिने फोन करून विचारलं, मराठीत 'घाबरू नका' कसं म्हणायचं? मी सांगितलं. मग म्हटलं, त्याआधी 'तुम्हाला काय विचारायचं आहे' हेही लिहून घे. तिने दोन्ही वाक्यं तेलुगू लिपीत लिहून घेतली आणि फोनवर मला म्हणून दाखवली. दुसरं वाक्य जरा लांब होतं, ते तिला तीनदा म्हणावं लागलं.